अकरा तासांचं चिलखत

१९८६ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या डॅलस शहरात पारा चाळिशीला टेकलेला. ‘रोबोकॉप’ नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं होतं, पण रोबोकॉपचाच पत्ता नव्हता. नट हजर होता. पीटर वेलरनं कित्येक महिने तालीम करून नायकाची चाल अंगात मुरवली होती. यायचं राहिलं होतं ते त्याचं चिलखत. आज येईल, उद्या येईल असं करत एकदाचं ते आलं, आणि आलं तेही नेमकं त्यातला पहिला प्रसंग चित्रित करायचा होता त्याच दिवशी.

फोम रबर आणि फायबरग्लासचे तुकडे एकेक करून वेलरच्या अंगावर चढवायला सुरुवात झाली. पाय, मांड्या, कंबर, छाती, खांदे, हात, मान आणि शेवटी शिरस्त्राण. पहिल्या खेपेला या सगळ्याला सुमारे अकरा तास लागले. सगळं युनिट खोळंबून बसलेलं. अकरा तासांनंतर वेलर उभा राहिला, त्यानं पाऊल टाकून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत जे काही शिकलो त्यातलं काहीच या पोशाखात करता येणार नाही.

जुलै १९८७ मध्ये पडद्यावर आलेल्या आणि आज कल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. नजीकच्या भविष्यातलं डेट्रॉईट शहर. कारखाने बंद पडलेत, गुन्हेगारी बोकाळली आहे आणि शहराचं पोलीस खातं चालवण्याचा ठेका एका बलाढ्य कंपनीकडे गेला आहे. अ‍ॅलेक्स मर्फी नावाच्या पोलिसाला एक टोळी अत्यंत क्रूरपणे मारते. त्याचं उरलंसुरलं शरीर ताब्यात घेऊन कंपनी त्यातून एक यंत्रपोलीस तयार करते. त्याच्या आठवणी पुसल्या गेल्या आहेत असं कंपनी धरून चालते. पण त्या पुरत्या पुसल्या गेलेल्या नसतात. यंत्राच्या आत माणूस हळूहळू जागा होतो. म्हणजे ही मुळातच एका चिलखतात अडकलेल्या माणसाची गोष्ट. डॅलसच्या त्या दिवशी ती पटकथेतून बाहेर येऊन सेटवर खरोखर घडायला लागली.

या कल्पनेचा उगमही एका चित्रपटाच्या सेटवरच झाला. एड न्यूमायर हा तरुण तेव्हा एका स्टुडिओत पटकथा वाचण्याच्या नोकरीवर होता. १९८१ मध्ये रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’चं चित्रीकरण सुरू असताना तो त्या सेटच्या आसपास घुटमळत असे. तिथली एक गाडी पाहून त्यानं चौकशी केली, तेव्हा कळलं की माणसांसारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांची शिकार करणाऱ्या एका पोलिसाची ही गोष्ट आहे. त्याच्या डोक्यात उलटा विचार चमकला: पोलीसच यंत्र असला तर? त्याच सुमाराला मायकल मायनर नावाचा, संगीताच्या व्हिडिओ फिती बनवणारा दिग्दर्शक जखमी पोलिसाचा यंत्रमानव करण्याच्या कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होता. दोघांची गाठ पडली आणि दोन कल्पना एक झाल्या.

पटकथा तयार झाली, पण तिला दिग्दर्शक मिळेना. अडचण नावातच होती. ‘रोबोकॉप’ हे नाव वाचलं की लोकांना शनिवार सकाळची कार्टून मालिका आठवायची. अनेक दिग्दर्शकांकडून नकार आले. शेवटी निर्माता जॉन डेव्हिसन आणि ओरायन पिक्चर्स या कंपनीनं नेदरलँड्सच्या पॉल व्हरहोवनकडे पटकथा पाठवली. ‘टर्किश डिलाइट’ आणि ‘सोल्जर ऑफ ऑरेंज’ या चित्रपटांमुळे युरोपात त्याचं नाव मोठं होतं. त्यानं पहिलं पान कसंबसं वाचलं आणि पटकथा फेकून दिली. इथेच गाडं अडलं असतं. पण त्याच्या पत्नीनं, मार्टिननं, ती उचलली आणि पूर्ण वाचली. यात तुला वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे, पुन्हा वाच, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. चित्रपटसृष्टीत असे उपकार श्रेयनामावलीत कुठे येत नाहीत, म्हणून ते आवर्जून सांगायला हवेत.

दुसऱ्या वाचनात व्हरहोवन एका प्रसंगापाशी थांबला. यंत्र झालेला मर्फी आपल्या जुन्या घरी जातो. घर विकायला काढलेलं, रिकामं. बायको-मुलगा निघून गेलेले. एकेका खोलीत पाऊल टाकताना आठवणींचे तुकडे उसळून वर येतात. हरवलेला स्वर्ग शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट आपण सांगू शकतो, असं त्याला वाटलं. १९३८ मध्ये जन्मलेल्या व्हरहोवनचं बालपण जर्मनव्याप्त हेग शहरात गेलं होतं. जवळच जर्मनांचा रॉकेट तळ असल्यामुळे दोस्तांचे बॉम्ब तिथे पडत. जळती घरं आणि रस्त्यावरची प्रेतं त्यानं लहानपणी पाहिली होती. पडद्यावरच्या हिंसेकडे तो नजर न चोरता बघतो, त्याचं मूळ तिथे असावं.

मात्र हॉलिवूडमध्ये पाऊल ठेवताना त्याचं इंग्रजी बेताचं होतं आणि अमेरिकी विनोदाची नस त्याला सापडत नव्हती. पटकथेतल्या टीव्हीच्या बनावट बातम्या आणि जाहिराती त्याला खटकत होत्या. मर्फी आणि त्याची सहकारी लुईस यांच्यात प्रेमप्रकरण हवं, सगळं अधिक गंभीर हवं, असा आग्रह त्यानं धरला. न्यूमायर आणि मायनर यांनी निमूटपणे तसा खर्डा लिहून दिला. शिवाय सूर कळावा म्हणून न्यूमायरनं त्याच्या हाती कॉमिक्सचे अंक ठेवले. नवा खर्डा वाचून झाल्यावर व्हरहोवननं मोकळेपणानं कबूल केलं: माझं चुकलं, आधीचंच बरोबर होतं. हट्टी म्हणून नाव असलेल्या दिग्दर्शकाच्या बाबतीत ही बाब मोठी आहे.

नायकाच्या निवडीवेळी आर्नोल्ड श्वार्झनेगरचंही नाव चर्चेत होतं. त्याचा ‘टर्मिनेटर’ ओरायननंच वितरित केला असल्यामुळे ते स्वाभाविक होतं. पण त्या धिप्पाड देहावर आणखी चिलखत चढवलं तर माणूस फुगवलेल्या बाहुल्यासारखा दिसेल, ही भीती होती. हवा होता सडपातळ माणूस. शिवाय शिरस्त्राणाखालून चेहऱ्याचा फक्त खालचा भाग दिसणार, म्हणजे बहुतेक चित्रपटभर नटाला ओठ आणि हनुवटी यांवरच भागवायचं. पीटर वेलर अंगानं शिडशिडीत होता आणि त्याच्या जबड्याची ठेवण रेखीव होती. व्हरहोवनला तोच पसंत पडला. लुईसच्या भूमिकेसाठी आधी निवडलेली स्टेफनी झिंबालिस्ट तिच्या टीव्ही मालिकेमुळे ऐनवेळी बाहेर पडली आणि नॅन्सी अ‍ॅलन आली. तिचे लांब सोनेरी केस व्हरहोवननं कापायला लावले, समाधान होईपर्यंत.

चिलखताची जबाबदारी होती रॉब बोटीनवर. वय सत्तावीसच्या आसपास, पण ‘द थिंग’ या १९८२ च्या चित्रपटातल्या अंगावर काटा आणणाऱ्या करामतींमुळे त्याचा दबदबा होता. अशा पोशाखाचं काम पाहिलं की उशीर का होतो ते कळतं. आधी नटाच्या सर्वांगाचा साचा घ्यायचा. त्या पुतळ्यावर मातीनं पोशाखाचा आकार घडवायचा. मग मातीचा साचा काढायचा, त्यात फोम रबर ओतायचं, भट्टीत पक्कं करायचं. कडक भागांसाठी फायबरग्लास वेगळं. नंतर रंग, तोही धातूचा भास होईल असा. मातीच्या टप्प्यावर खांद्याची एक रेघ बदलायची म्हटली, तरी पुढचं सगळं मागे ढकललं जातं.

आणि रेघा तर रोज बदलत होत्या. बोटीनचं पहिलं संकल्पन सडसडीत, देखणं होतं. जपानी कॉमिक्समधले यंत्रमानव पाहून आलेल्या व्हरहोवनला ते अधिक यांत्रिक, अधिक अवजड हवं होतं. महिनोन्‌महिने दुरुस्त्या चालल्या, भांडणं झाली आणि शेवटी सगळे पुन्हा बोटीनच्या मूळ कल्पनेपाशीच येऊन ठेपले. तोवर वेळापत्रक कोलमडलं होतं. चूक कुणा एकाची नव्हती. दोघंही आपापल्या कामात जीव ओतत होते आणि दोघांनाही माघार ठाऊक नव्हती.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये वेलर चालायला शिकत होता. जुलियार्ड या विख्यात संस्थेत नटांना देहबोली शिकवणारा मोनी याकिम हा मूकाभिनयातला जाणकार त्याचा गुरू होता. चिलखत हाताशी नसल्यामुळे वेलर अमेरिकी फुटबॉलच्या खेळाडूंचे जाड पॅड अंगावर बांधून तालीम करायचा. दोघांनी मिळून लवचीक, सापासारखी सळसळती हालचाल बसवली. यंत्र असूनही चपळ, असा तो विचार होता. आणि मग अकरा तासांनंतर त्या रबराच्या कैदेत उभं राहिल्यावर कळलं, की इथे मान वळवायचीही मारामार आहे.

वेलरनं काम थांबवलं. दिवस जाऊ लागले, पैसे जाऊ लागले, तापलेल्या वातावरणात शब्दाला शब्द लागला. त्याला काढून दुसरा नट आणावा इथपर्यंत निर्मात्यांची मजल गेली. पण चिलखत वेलरच्या मापाचं. ते दुसऱ्या कुणाला बसलं नसतं. ज्या पोशाखानं त्याला अडकवलं होतं त्यानंच त्याची भूमिका वाचवली.

याकिमला मदतीला आणलं गेलं. त्यानं चिलखताशी झगडा सोडून द्यायला सांगितला. चपळता विसर, गती कमी कर, प्रत्येक हालचाल तोडून तोडून कर. आधी मान वळेल, मग खांदे, मग धड. पाऊल उचललं की ते ठामपणे टेकेल आणि मगच दुसरं उठेल. वेलरच्या डोळ्यांपुढे सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनश्टाइनच्या ‘इव्हान द टेरिबल’मधला निकोलाय चेर्कासॉव्ह होता. त्या रशियन नटाच्या झारची ती सावकाश, भारदस्त, जवळजवळ शिल्पासारखी हालचाल.

चित्रपट पाहताना ही गोष्ट मुद्दाम न्याहाळावी. रोबोकॉप वळतो तेव्हा त्याचं डोकं आधी निघतं आणि शरीर क्षणभरानं त्याच्या मागे येतं. त्या क्षणभराच्या फटीत सगळी भूमिका आहे. मनाला हवंय ते देहापर्यंत पोचायला वेळ लागतोय, असं बघणाऱ्याला शब्दांवाचून कळतं. पॅड बांधून बसवलेली ती सळसळती चाल वापरली असती, तर रोबोकॉप दिसायला छान झाला असता; त्याची कीव आली नसती. अडचण आली म्हणजे कला आपोआप उजळते, असं मुळीच नाही. बहुतेक चित्रपट अशा अडचणींत बुडतात. इथे अडचणीकडे बघून तिचंच व्याकरण करणारा माणूस हजर होता. ‘रोबोकॉप’चं नाव निघालं की व्हरहोवन, वेलर, बोटीन यांच्याबद्दल भरभरून बोललं जातं. मोनी याकिमचं नाव त्यांच्या बरोबरीनं घ्यायला हवं.

तिढा सुटला तरी हाल संपले नव्हते. डॅलसचा उन्हाळा आणि अंगावर रबराचं आवरण. घामावाटे वेलरचं वजन एकेका दिवसात किलोभरानं, कधी त्याहून जास्त उतरायचं. दोन शॉटच्या मधे पोशाखात पाईप घालून थंड हवा सोडावी लागे. शिरस्त्राण काढलेल्या प्रसंगांसाठी चेहऱ्यामागे यंत्र दिसेल अशी रंगभूषा करायची, तिला सुमारे सहा तास लागत. म्हणजे सकाळी चित्रीकरण असेल तर वेलरचा दिवस मध्यरात्रीच सुरू होई.

साध्या साध्या गोष्टी अडून बसत. पोलीस ठाण्यातल्या एका प्रसंगात रोबोकॉपकडे गाडीच्या किल्ल्या फेकल्या जातात आणि तो त्या अलगद झेलतो. हातमोजे फोम रबराचे. किल्ल्या तळव्यावर आदळत आणि टप्पकन उडून खाली पडत. पुन्हा फेका, पुन्हा पडल्या. असे पन्नासच्या आसपास टेक झाले तेव्हा कुठे किल्ल्या हातात राहिल्या. पडद्यावर तो झेल डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो.

आणि किल्ल्या मिळाल्या तरी गाडीत बसणार कसं? चिलखतासकट वेलर गाडीत मावतच नव्हता. म्हणून रोबोकॉप गाडीत शिरताना किंवा उतरताना दिसतो तेवढंच. प्रत्यक्ष गाडी चालवतानाच्या दृश्यांत कमरेच्या वर चिलखत आणि खाली नुसती चड्डी असा वेलर बसलेला असे. कॅमेरा खिडकीच्या वरच राहिला. गाडीचीही एक कथा आहे. भविष्यातल्या पोलिसांसाठी आधी खास गाडी घडवून घेतली होती, पण ती हास्यास्पद दिसू लागली. मग तेव्हा बाजारात नुकतीच आलेली फोर्ड टॉरस काळ्या रंगात रंगवून वापरली. पिस्तुलाचंही तेच. आधी ठरवलेलं पिस्तूल त्या अजस्र पंजात खेळण्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा दुसऱ्या पिस्तुलाला लांबरुंद नळी जोडून ते मोठं करण्यात आलं.

वेलरनं स्वतःभोवती आणखी एक कवच उभं केलं होतं. चिलखतात असताना त्याला कुणी पीटर म्हणायचं नाही; ‘रोबो’ म्हणायचं. व्हरहोवनला आधी हे अगदीच पोरकट वाटलं. पण तासन्‌तास त्या अंधाऱ्या, कोंदट पोशाखात टिकून राहायचं तर माणसाला मनाची काहीतरी बैठक लागते. वेलरनं ती अशी मिळवली.

कथा डेट्रॉईटची, मग चित्रीकरण डॅलसला का? डॅलसमध्ये तेव्हा काचेच्या उंच, चकचकीत इमारती नव्यानं उभ्या राहिल्या होत्या. वास्तुविशारद आय. एम. पे यांनी उभारलेली, पुढे कललेली डॅलस सिटी हॉलची काँक्रीटची इमारत त्या खलनायक कंपनीचं मुख्यालय झाली. रॉको जिऑफ्री या चित्रकारानं काचेवरच्या चित्राची जोड देऊन तिच्यावर मजल्यांमागून मजले चढवले. शहराचं नगरभवन पडद्यावर खासगी कंपनीचं कार्यालय व्हावं, यात चित्रपटाचा अर्धा आशय येऊन गेला.

शेवटच्या मारामारीसाठी सगळा लवाजमा पेनसिल्व्हेनियातल्या मोनेसन गावी गेला. तिथला पोलाद कारखाना बंद पडला होता. गंजलेल्या भट्ट्या, साचलेलं पाणी, ओसाड शेड. यातलं काहीही कलादिग्दर्शकाला उभारावं लागलं नाही. ज्या औद्योगिक पडझडीची भीती पटकथेत भविष्य म्हणून लिहिली होती, ती मोनेसनमध्ये आधीच येऊन बसली होती. याच कारखान्यात व्हरहोवननं आपल्या मनातली प्रतिमा साकार केली. मर्फीचा क्रूर मृत्यू आणि पुनरुत्थान यांत त्याला येशूची कथा दिसत होती. म्हणून शेवटी रोबोकॉप डबक्यावरून चालत येतो. पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल अशी वाट बांधली होती. बघणाऱ्याला तो पाण्यावरून चालल्यासारखा भासतो.

सेटवर ऐनवेळी सुचलेल्या गोष्टीही बऱ्याच. टोळीच्या म्होरक्याचं काम करणाऱ्या कर्टवुड स्मिथला व्हरहोवननं बिनचौकटीचा वाटेल असा बारीक चष्मा दिला, कारण त्यामुळे तो नाझी अधिकारी हिमलरची आठवण करून देई. पोलीस ठाण्यात आणल्यावर हा म्होरक्या टेबलावर रक्त थुंकतो, ते लिहिलेलं नव्हतं. स्मिथला ते सुचलं, दिग्दर्शकाला आवडलं आणि समोरच्या नटांना न सांगता त्यांनी ते केलं. त्या पोलिसांच्या चेहऱ्यावरची किळस खरी आहे. नाइट क्लबमधल्या गर्दीला कसं बेभान नाचायचं ते दाखवताना व्हरहोवन स्वतःच नाचला. कॅमेरा चालू होता. तो तुकडा चित्रपटात आहे.

वेळ मात्र हातातून निसटतच होता. मागे पडलेलं काम उरकण्यासाठी माँटे हेलमन या अनुभवी दिग्दर्शकाला बोलावून काही हाणामारीचे प्रसंग त्याच्याकडे सोपवावे लागले. कथेचा कणा असलेला मर्फीच्या हत्येचा प्रसंग तर मुख्य चित्रीकरण संपलं तरी राहिलाच होता. तो १९८७ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये वेगळा चित्रित झाला.

मग उरला दुसरा यंत्रमानव, ईडी-२०९. माणूस आत नसलेलं हे निव्वळ यंत्र म्हणजे कंपनीचं लाडकं अपत्य. त्याचा सात फूट उंच, खराखुरा पुतळा बनवला होता, पण तो जवळपास जागचा हलत नव्हता. नटांच्या शेजारी उभं राहणं एवढंच त्याचं काम. चालणारा, वळणारा, गोळ्या झाडणारा ईडी म्हणजे फिल टिपेटच्या टेबलावरची छोटी बाहुली.

तंत्र जुनंच होतं, स्टॉप मोशनचं. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा एक फ्रेम. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, म्हणजे दहा सेकंदांच्या हालचालीसाठी बाहुली २४० वेळा हलवायची. बाहुलीच्या मागे आधी चित्रित केलेलं दृश्य एकेक फ्रेम पुढे सरकवत पडद्यावर टाकलेलं असे, म्हणजे यंत्र आणि नट एकाच खोलीत दिसावेत. मधेच कुणाचा धक्का लागला, दिवा मिणमिणला, की त्या दिवसाचं काम वाया. ‘स्टार वॉर्स’ मालिकेवर काम केलेल्या टिपेटला याची सवय होती. पण इथे वेळही कमी होता आणि पैसाही.

तरीही त्यानं त्या पत्र्याच्या धुडाला स्वभाव दिला. ईडी जिन्यापाशी येतो, पाय पुढे करतो, मागे घेतो. इतकं संहारक यंत्र, पण जिना उतरणं त्याला शिकवलेलंच नाही. धाडस करून पाऊल टाकतो आणि गडगडत खाली कोसळतो, आणि पाठीवर पडून हातपाय झाडत किंचाळत राहतो. अवघ्या काही क्षणांत त्या कंपनीच्या माजोरीपणाचं आणि निष्काळजीपणाचं पितळ उघडं पडतं. ईडीच्या आवाजासाठी निर्माता जॉन डेव्हिसननं स्वतःचा आवाज दिला.

चित्रपट हातावेगळा झाला आणि सेन्सॉरचा फेरा सुरू झाला. अमेरिकेत चित्रपटांना वयोगटानुसार श्रेणी देणारं मंडळ आहे. त्यानं ‘रोबोकॉप’ला ‘एक्स’ श्रेणी दिली. या श्रेणीचा चित्रपट बहुतेक चित्रपटगृहं लावत नसत आणि अनेक वर्तमानपत्रं त्याची जाहिरात छापत नसत, म्हणजे धंदा बुडालाच. व्हरहोवननं थोडं कापलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा ‘एक्स’. आणखी कापलं. हे एकदा-दोनदा नव्हे, वारंवार झालं.

वादाचा मुख्य मुद्दा होता संचालकांच्या बैठकीचा प्रसंग. ईडीचं प्रात्यक्षिक चाललेलं असतं. एका तरुण अधिकाऱ्याला त्याच्यावर पिस्तूल रोखायला सांगतात, मग पिस्तूल खाली टाकायला सांगतात. तो ते टाकतो, पण यंत्राला ते कळतच नाही. गोळ्यांचा मारा सुरू होतो आणि थांबतच नाही. व्हरहोवनचं म्हणणं होतं, की मूळ प्रसंगात तो मारा इतका लांबतो, इतका अतिरेकी होतो, की त्यातलं विक्षिप्तपण उघड होतं आणि प्रेक्षकाला हे एक भयंकर प्रहसन चाललंय हे समजतं. तो आखूड केल्यावर विक्षिप्तपण गेलं आणि उरली नुसती हत्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्याचं म्हणणं पटतं. कात्रीनं रक्त कमी केलं आणि प्रसंग अधिक निर्दय झाला. मूळ दृश्यं प्रेक्षकांना पाहायला मिळाली ती १९९० च्या दशकात घरगुती आवृत्त्यांतून.

१७ जुलै १९८७ ला चित्रपट अमेरिकेत झळकला. सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत ५ कोटी ३० लाखांहून जास्त कमावले. ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी त्याला विशेष ऑस्कर मिळालं. चिलखतातली ती जड पावलं आणि सांध्यांतली घरघर यांत त्या ध्वनीचा वाटा मोठा आहे. रबराच्या पोशाखाला धातूचं वजन आलं ते कानांवाटे. दुसऱ्या भागासाठी वेलरनं ते चिलखत पुन्हा एकदा चढवलं, तिसऱ्या भागाला मात्र तो नव्हता. पुढे त्यानं इटालियन रेनेसांच्या कलेवर अभ्यास करून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली.

व्हरहोवन आणि बोटीन यांचं सेटवरचं शेवटचं मोठं भांडण झालं ते उजेडावरून. पोलाद कारखान्यात रोबोकॉप प्रथमच शिरस्त्राण काढतो, तो प्रसंग. बोटीनला तिथे अंधूक प्रकाश हवा होता. रबर कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते हे उजेडात उघड होईल, आपली सगळी मेहनत मातीत जाईल, अशी त्याची धास्ती होती आणि ती अनाठायी नव्हती. व्हरहोवन आणि ‘दास बोट’सारखा चित्रपट टिपलेला छायाचित्रणकार यॉस्ट व्हाकानो यांना मात्र तो चेहरा लख्ख उजेडात दाखवायचा होता. त्यांनी आपलंच खरं केलं. बोटीननं बोलणं टाकलं. अबोला सुटला तो पहिल्या जाहीर खेळाच्या वेळी, पूर्ण चित्रपट पाहिल्यावर. तीन वर्षांनी आलेल्या ‘टोटल रिकॉल’साठी व्हरहोवननं पुन्हा बोटीनलाच बोलावलं आणि तोही आला.

भांडण ज्याच्यावरून झालं ते दृश्य असं आहे. बंद कारखान्याच्या कोपऱ्यात मर्फी कपाळाच्या बाजूचे स्क्रू यंत्रानं सोडवतो आणि शिरस्त्राण उतरवतो. मागच्या बाजूला नुसता धातू, वर केस नाहीत, आणि पुढे माणसाचा चेहरा, कुणी कातडी ताणून बसवावी तसा. कपाळावर गोळी गेल्याची खूण. समोर धरलेल्या चकचकीत पत्र्यात तो स्वतःला बघतो. आधी डोळे वळतात, मग सावकाश मान. लुईसनं त्याच्यासाठी लहान मुलांचं खाणं भरलेल्या बाटल्या आणल्यात, कारण त्याच्या उरलेल्या देहाला तेवढंच चालतं. थोड्या वेळानं त्याच बाटल्या समोर मांडून ती त्याच्या शेजारी उभी राहते, त्याचा हात धरते आणि बिघडलेला नेम सुधारायला त्याला मदत करते.